यादीबाहेरचं वाक्य

३ फेब्रुवारी

मामा,

पाया पडते असं लिहायची पद्धत आहे, पण अकरा वर्षांत समोर आला नाहीत, तेव्हा पाय कुठून आणू? नमस्कार घ्या.

कामाचंच लिहिते. तुम्ही बाबांसाठी जोडून दिलेला कॉम्प्युटर अजून चालू आहे. तेच काळं केबिनेट, पुढे एक पंखा, मागे एक आणि आत प्रोसेसरच्या डोक्यावर तिसरा. चालतो उत्तम, पण आवाज असा की खोलीत कुणी सतत पीठ दळतंय. आजवर त्याचं काही वाटलं नाही. आता घरी बसून वाचून रेकॉर्ड करायचं एक काम आलंय. माइकसमोर साडेतीनशे वाक्यं वाचायची. प्रत्येक वाक्य प्रोग्रॅम तपासतो आणि मागे आवाज असला की लाल फुली मारून परत वाचायला लावतो. काल दोन तासांत अकरा वाक्यं पास झाली. अठ्ठावीस तारखेच्या आत सगळी संपवायची आहेत. त्यापुढे एक दिवसही मिळणार नाही.

दुसरा कॉम्प्युटर घे म्हणाल, तर ऑफिसचा लॅपटॉप हा प्रोग्रॅम चढवू देत नाही. शेजारच्या खोलीत ठेव म्हणाल, तर ती खोली आहे कुठे?

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पंख्यांचा वेग कमी करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात एक पट्टी आहे, ती डावीकडे सरकवली की फेरे कमी होतात. मिनिटाला दोन हजारांवरून सहाशेवर आलेला आकडा मी या डोळ्यांनी पाहिला. आवाज मात्र तसूभर कमी नाही. मग दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातली पट्टी जास्त सुंदर आहे, एवढाच फरक.

फोन केला असता, पण तुमचा फोन कुणी उचलत नाही. म्हणून पत्र.

आई बरी आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

तुमची भाची


७ फेब्रुवारी

भाचीबाई,

आशीर्वाद. पायांचं म्हणशील तर ते जागच्या जागी आहेत. तुमचा उंबरा त्यांना तुझ्या आईने बंद केला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला, एकदा डोकं धरायला. पडद्यावर आकडा कमी झाला आणि आवाज झाला नाही, तर खोटं कोण बोलतंय? एवढं कळायला दुकान लागत नाही, अक्कल लागते. पण तुमचा सगळा विश्वास पडद्यावर. उद्या पडद्यावर 'जेवण झालं' असं आलं तर तुम्ही ढेकर द्याल.

आणि तो दुकानदार! त्याने झाकण उघडून आत पाहिलं का? नाही ना? पाहिलं असतं तरी काय दिसणार होतं म्हणा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हल्लीच्या या मंडळींना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हेही व्हिडिओ बघून कळतं.

आता नीट वाच. मदरबोर्डावर एक बारकी चिप असते. तापमान मोजायचं आणि पंख्यांना वेग सांगायचा हे तिचं काम. तिची भाषा सॉफ्टवेअरला येत नाही, म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. तुझ्या सॉफ्टवेअरने दुभाष्याला सांगितलं, दुभाष्याने चिपला सांगितलं, चिपने पंख्याला सांगितलं, पंख्याने ऐकलंसुद्धा. प्रश्न एवढाच, की कुठल्या पंख्याने? हे पडद्यावर कळत नाही. झाकण काढ, प्रत्येक पंख्याची वायर कुठे जाते ते बघ आणि लिहून पाठव. तोवर ती सुंदर पट्टी होती तिथे नेऊन ठेव. शून्यावर नेऊ नकोस. माणूस ओरडला तर त्याचं तोंड दाबायचं नसतं, का ओरडतोय ते बघायचं असतं.

आवाज कसा आहे तेही शब्दांत लिही. घरघर, शीळ की खडखड. रेकॉर्डिंग बिकॉर्डिंग पाठवू नकोस, मला तो पोरखेळ नको.

फोनचं म्हणशील तर तुझी आई अकरा वर्षांपूर्वी दहा माणसांत म्हणाली होती, "तुझा आवाज मला पुन्हा ऐकायला नको." तेव्हापासून तुमच्या घरात माझा आवाज आलेला नाही. मी शब्दाचा पक्का आहे.

आणि साडेतीनशे वाक्यं वाचायला महिना? काम म्हणायचं की विश्रांती? लहानपणी तुला मी स्क्रूचोर म्हणायचो. तेव्हा निदान तुझ्या हातात एक स्क्रू तरी असायचा.

मामा


१० फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र काल आलं. एक दिवस उशीर झाला. परवाच मी पट्टी शून्यावर नेली होती.

पन्नासावं वाक्य चालू असताना पडदा काळा झाला आणि सगळं बंद पडलं. खोली इतकी शांत झाली की बाहेरच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली. हवी होती ती शांतता मिळाली, फक्त रेकॉर्ड करायला काही उरलं नाही. तासाभराने यंत्र गार झालं आणि परत सुरू झालं, पण त्या सकाळची एकोणतीस वाक्यं गेली. ती प्रोग्रॅम शेवटी एकदम साठवतो म्हणे. एकोणतीस वाक्यांत काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्याची वायर मदरबोर्डात जाते. पुढच्या आणि मागच्या पंख्यांच्या वायरी बोर्डाकडे जातच नाहीत. त्या पॉवर सप्लायच्या जाड वायरींना परस्पर जोडल्या आहेत आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती गुंडाळायची पद्धत मी ओळखते, लहानपणी तुमच्या टेबलाखालीच बसायचे. म्हणजे सॉफ्टवेअर सांगत होतं ते बिचाऱ्या प्रोसेसरच्या पंख्याला. तो निमूट गप्प बसला, प्रोसेसर तापला, आणि ओरडणारे दोघे कुणाच्या हुकमातच नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. ही करामत तुम्ही का केलीत ते कळवाल का?

आवाज शब्दांत लिहिता येत नाही. घरघर म्हणावी तर तिच्यात शीळ आहे. म्हणून तुम्ही नको म्हटलंत तरी एक मिनिट रेकॉर्ड करून मेमरी कार्ड सोबत पाठवतेय. त्यात मधे मधे टकटक ऐकू येईल, ती पंख्याची नाही. वाचणाऱ्या बाईंना प्रत्येक वाक्याआधी टेबलावर बोटाने दोनदा वाजवायची सवय आहे. कितीही सांगितलं तरी जात नाही.

लवकर लिहा. टोमणे कमी मारलेत तर पत्र आखूड होईल आणि एक दिवस आधी पोचेल.

भाची


१४ फेब्रुवारी

भाचीबाई,

ते मीच केलं आणि मुद्दाम केलं.

तुझ्या बापाला शांतता फार प्रिय. यंत्र घरी नेल्याच्या आठव्या दिवशी त्याने कुठलंसं सॉफ्टवेअर टाकून सगळे पंखे बंद पाडले आणि बोर्ड जाळून घेतला. वर मलाच विचारतो, "तुमचा बोर्ड हलका होता का हो?" दुसरा बोर्ड बसवला तेव्हा बाहेरचे दोन्ही पंखे मी थेट विजेवर टाकले, की याने काहीही करू दे, हवा खेळती राहील. त्याला सांगितलं नाही. पुढची सहा वर्षं तो ती पट्टी डावीकडे नेऊन ठेवायचा आणि मला म्हणायचा, "बघा, किती शांत झालं!" मी म्हणायचो, वा. पडद्याला भुलायचं तू त्याच्याकडूनच उचललंस.

तो गेला त्या दिवशी मी एवढंच बोललो, की यंत्राला मी गुदमरू दिलं नाही, स्वतःला त्याने सिगरेटी ओढून गुदमरवलं. खोटं होतं का? पण तुझ्या आईला खरं पचत नाही. छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःच्या नवऱ्याची एक काढली तर बंधू परका झाला.

तुझं कार्ड परत पाठवतोय. लावलं नाही. मला वेळ नाही.

आता मी विचारतो. पहिल्या पत्रात वाचायचं काम तुझं होतं. या पत्रात 'वाचणाऱ्या बाई' कुठून उगवल्या? वाचण्याआधी टेबलावर दोनदा वाजवणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली आहे. छापखान्यात ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि समोरचा छापलेल्या कागदावर बोट ठेवून तपासायचा. नवा परिच्छेद आला की ती टेबलावर दोनदा वाजवायची, म्हणजे त्याने पुढच्या ओळीवर जायचं. मग घरीसुद्धा तेच. भांडतानासुद्धा मुद्दा बदलला की टक् टक्.

ती कशाला वाचतेय? अठ्ठावीस तारखेनंतर काय आहे? पंख्यावरचा उपाय माझ्याकडे तयार आहे. उत्तर आलं की पाठवतो. खोटं लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नकोस. तुला ते जमत नाही, तुझ्या बापाला जमायचं.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

अडवणूक करायला बरा मुहूर्त काढलात. तुमच्या या 'उत्तर आलं की पाठवतो'पायी तीन सकाळी गेल्या. त्या कुठल्या सकाळी होत्या ते आता वाचा.

आईच्या घशात गाठ आहे. एक मार्चला ऑपरेशन आहे आणि त्यात तिचं स्वरयंत्र काढणार आहेत. ती जगेल, त्याबद्दल डॉक्टर निश्चिंत आहेत. बोलणार नाही. दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी साडेतीनशे वाक्यांची यादी दिली आहे. ती तिने आता वाचून ठेवली, तर पुढे ती टाइप करेल आणि यंत्र तिच्या आवाजात बोलेल. पण रेकॉर्डिंगमध्ये पंखा आला तर तो पंखा तिच्या आवाजात कायमचा राहील, म्हणून प्रोग्रॅम एवढा काटेकोर. अकराच्या पुढे तिचा घसा बसतो, त्यामुळे रोज सकाळचे दोन तास. आज एकसष्ट वाक्यं झाली आहेत. दोनशे एकोणनव्वद राहिली आहेत.

यादी म्हणजे भयंकर आहे. 'मला पाणी हवं आहे.' 'खिडकी जरा उघडा.' 'आज मंगळवार आहे का?' आई म्हणते, "माझ्या तोंडी अशी वाक्यं घालणाऱ्या माणसाला मी छापखान्याच्या दारात उभं केलं नसतं." तरी वाचते. लाल फुली आली की परत वाचते. पासष्टव्या वर्षी, दुखऱ्या घशाने 'आज मंगळवार आहे का' सात वेळा वाचताना मी तिला पाहिलंय. तुम्ही 'काम म्हणायचं की विश्रांती' असं लिहिलं होतं.

तुम्हाला कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. म्हणाली, "त्याला कळलं तर म्हणेल, बरं झालं, आता तरी गप्प बसेल."

या, मामा. चार तासांचा प्रवास आहे. यंत्र तुमचं, वायरी तुमच्या, चिकटपट्टी तुमची. येऊन हाताने नीट करा आणि कानाने ऐकून सांगा की झालं. ती दार लावणार नाही, ते मी बघते.

भाची


२० फेब्रुवारी

भाची,

येणार नाही. गुडघे धड नाहीत आणि दुरुस्तीचं दुकान टाकून येता येत नाही.

'बरं झालं, गप्प बसेल' असं मी म्हटलंच असतं. धाकटीने मला बरोबर ओळखलंय. तुझं पत्र वाचून मी शटर ओढून घेतलं आणि तसाच आत बसून राहिलो. तीन सकाळी मी खाल्ल्या. माझ्यासारख्या दीडशहाण्याला जोड्याने मारलं पाहिजे, पण ते नंतर. आधी काम.

यंत्र बंद कर, प्लग काढ. काळी चिकटपट्टी सोडव आणि दोन्ही पंख्यांच्या वायरी मोकळ्या कर. प्रत्येकीच्या टोकाला तीन भोकांचा छोटा पांढरा सॉकेट आहे. बोर्डाच्या कडेला चार-चार पिनांच्या दोन रिकाम्या जागा आहेत, त्यात तो एकाच बाजूने बसतो. बसला नाही तर दाबू नकोस, फिरवून बघ.

मग यंत्र चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा. निळा पडदा येईल, पासवर्ड विचारेल. तुझ्या बापाने आत हात घालू नये म्हणून ठेवला होता. 'धाकटी', इंग्रजी अक्षरांत. काहीतरी ठेवावा लागतो म्हणून ठेवला, अर्थ काढत बसू नकोस. आत पंख्यांच्या पानावर जा आणि दोन्ही पंख्यांपुढे व्होल्टेज निवड. हे तीन वायरींचे जुने पंखे आहेत, त्यांना विजेचा दाब कमी करूनच हळू करता येतं. ते निवडलं नाहीस तर सॉफ्टवेअर बोंबलत राहील आणि पंखे आपल्याच तालात फिरतील.

सोबतच्या कार्डवर बोर्डाच्या चिपचा बरोबर ड्रायव्हर आहे, तो टाक. दुकानदाराने टाकलेलं सगळं पुसून टाक, त्यालाही पुसता आलं तर बघ. मग सॉफ्टवेअरमध्ये तीन पट्ट्या दिसतील. प्रोसेसरचा पंखा त्याचा त्याला ठरवू दे, त्याच्या वाटेला जायचं नाही. बाकीचे दोघे साठ अंशांपर्यंत चाळीस टक्क्यांवर, सत्तरला पूर्ण. चाळीसच्या खाली एक टक्काही नको. आणि बसलेला जुना पंखा चाळीसवर उठत नाही. आधी शंभरवर उठवायचा, फिरायला लागला की हळू करायचा. तो फिरतोय की नाही ते पडद्यावर बघायचं नाही. मागे बोट धर, हवा लागली पाहिजे.

पार्सलमध्ये आठ रबरी चकत्या आहेत. सायकलच्या ट्यूबमधून काल कापल्या. पंखा आणि पत्रा यांच्या मध्ये, प्रत्येक स्क्रूला एक. तुझी ती शीळ पंख्याची नाही, पत्रा थरथरतो त्याची आहे.

तिला सांग, 'मंगळवार'मधला 'ळ' जोर लावून म्हणू नकोस, लहानपणापासून लावते. नाहीतर राहू दे. काही सांगू नकोस.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

झालं! चकत्या लावल्या, पंखे शंभरवर उठवले, चाळीसवर आणले. मागे बोट धरलं, हवा लागली. खोलीत आता एवढा बारीक आवाज आहे की कान देऊन ऐकावा लागतो. तापमान बावन्नच्या वर गेलं नाही. परवा सत्तर वाक्यं, काल पंच्याऐंशी, आज नव्वद. सव्वीसपर्यंत संपेल. एवढं करून दिल्याबद्दल आभार मानते. तुम्हाला ते आवडणार नाही, तो तुमचा प्रश्न.

आता माझा राग ऐका. गुडघे! तुमच्या गुडघ्यांनी परवाच दुकानाचं शटर ओढलं ना? बहिणीचा आवाज पाच दिवसांत जाणार आणि भाऊ दुकान टाकून येऊ शकत नाही! आई फटकळ आहे, पण ती जे बोलते ते समोर बोलते. तुम्ही अकरा वर्षं शब्दाचे पक्के म्हणून मिरवताय आणि मला त्यात पक्कं काही दिसत नाही, नुसता ताठा दिसतो.

निळ्या पडद्यापाशी मी थांबले होते तेव्हा आई मागे उभी होती. "काय पासवर्ड ठेवलाय त्या शहाण्याने?" मी सांगितला. त्यानंतरची दोन सोपी वाक्यं तिची चुकली. मग म्हणाली, "माइक चालू ठेव आणि बाहेर जा."

यादीबाहेरचं एक वाक्य तिने तुमच्यासाठी बोलून ठेवलंय. कार्ड सोबत आहे. मी ते लिहून द्यायचं नाही, तुम्ही ऐकायचं, असं तिने बजावलंय. या वेळी वेळ नाही म्हणून परत पाठवलंत, तर पुन्हा तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

भाची


२६ फेब्रुवारी

स्क्रूचोर,

कार्ड लावलं. स्पीकरवर तळवा ठेवला. दोन ठोके लागले, टक् टक्. त्यानंतर काहीतरी थरथरलं, दोन-तीन सेकंद, मग थांबलं. परत लावलं. वीस वेळा लावलं असेल. दर वेळी तेवढंच.

मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. कानातलं यंत्र लावून बघितलं, तर डोक्यात शंभर पंखे फिरायला लागले आणि माणसाचा आवाज कुठेच नाही. काढून खणात टाकलं. फोन उचलत नाही तो म्हणून. शब्दाचा पक्का वगैरे थापा आहेत. दुकानात पाटी लावली आहे, 'तक्रार लेखी द्यावी.' गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा शिस्तीचा आहे. पंखे मी बोटाने ऐकतो. तू आवाज शब्दांत लिहिलास, त्यावरून शीळ पत्र्याची हे ताडलं. तुझ्या बापाला मी पडद्याला भुलणारा म्हणून हसलो आणि चार वर्षं स्वतः पाटीमागे लपून बसलोय. त्याच्यापेक्षा मी वाईट, त्याला निदान खरंच शांत वाटायचं.

येऊन काय केलं असतं ते सांग. तिचे शेवटचे आठ दिवस आवाजाचे. ती बोलणार आणि मी तिच्या तोंडाकडे बघत ठोंब्यासारखा उभा. तिला वाटणार, अजून याची मस्ती उतरली नाही. भीती वाटली. लिहायची लाज वाटते, पण वाटली.

तिची ताकीद मोड आणि ती काय म्हणाली ते लिही. मी तुझ्या पाया पडतो. पाय कुठून आणू म्हणाली होतीस, आता माझे घे.

मामा


१६ मार्च

दादा,

तुझं शेवटचं पत्र पोरीने मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाचून दाखवलं. वाचताना ती रडत होती. मी हसले. पाटी लावलीस म्हणे, 'तक्रार लेखी द्यावी'! चांगली खळखळून हसले, घसा दुखेपर्यंत. नंतर लक्षात आलं, की साडेतीनशे वाक्यं झाली पण हसणं त्यांच्या यादीत नव्हतं आणि माइक बंद होता. यंत्राला आता माझ्या आवाजात मंगळवार आहे का ते विचारता येतं, हसता येत नाही. माझं शेवटचं हसू तुझ्यावर वाया गेलं. त्याचा जाब तू द्यायचास.

पोरीला मी उत्तर लिहू दिलं नाही. हे माझं काम होतं आणि हात उचलायला आजचा दिवस उजाडला.

यंत्र बरं बोलतं. माझा आवाज आहे, मागे पंखा नाही. पण माझ्यापेक्षा फार गोड बोलतं, म्हणून मला पटत नाही. काल त्याच्याकडून दूधवाल्याला चार शब्द सुनावले तर तो म्हणाला, "बरं बाई, सावकाश." मी जिवंतपणी असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. आणि 'ळ' मी जोर लावूनच म्हटलाय, साडेतीनशेच्या साडेतीनशे वाक्यांत जिथे आला तिथे.

तुझ्या चार पत्रांत मिळून एकोणीस चुका आहेत. लाल शाईने काढून ठेवल्या आहेत, आलास की देते. माझ्या नवऱ्याबद्दल जे लिहिलंस ती विसावी. तो सिगरेट ओढून गेला हे मला माहीत होतं, घरात मी राहत होते. ते दहा माणसांत सांगायला तू लागत नव्हतास. बाकी पंखे तू परस्पर जोडलेस हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मला म्हणाला, "तुझ्या भावाला आनंद होतोय, तर होऊ दे." पट्टी सरकवून 'किती शांत झालं' म्हणायचा तो तुझ्यासाठी. सहा वर्षं तुम्ही दोघे एकमेकांना फसवत होतात आणि मी दोघांना जेवायला वाढत होते.

यादीबाहेरचं वाक्य असं होतं: "दादा, माझं चुकलं, आता बोल." तेवढंच. ते तू ऐकावंस म्हणून पोरीला लिहू दिलं नाही, तर तुझे कान गेलेले. आपल्या घराण्यात वेळ साधणं कुणालाच जमलं नाही.

तेव्हा आता असं कर. पुढच्या पंख्याची एक चकती निसटली आहे, पत्रा परत थरथरतो. तुला ऐकू येणार नाही, पण बोट लावलंस की कळेल. चकती आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. गुडघ्यांचं मला सांगू नकोस. दार उघडंच असेल, म्हणजे बेल वाजली की नाही याची चिंता तुला नको. मी टेबलाशी बसलेली असेन. जवळ आलास की तळवा टेबलावर ठेव, दोनदा वाजवते. मग तू बोल. काय वाटेल ते बोल, सिगरेटींचं सोडून. तुझा आवाज मला ऐकायचा आहे, माझे कान शाबूत आहेत.

धाकटी